भूतानच्या पाच रात्री: आखणी मी कशी केली

भूतानला जायचं ठरलं की आधी ठिकाणांची यादी होते. मी सुरुवात रात्रींपासून केली, कारण भूतानमध्ये भारतीय पर्यटकाला दर माणशी दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. तिथे सगळे त्याला एसडीएफ म्हणतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ते निम्मं, त्याहून लहानांना माफ. आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची मुलगी. पाच रात्रींचे सहा हजार, सहा हजार आणि तीन हजार मिळून पंधरा हजार रुपये, आणि यात हॉटेल, गाडी, जेवण काहीच नाही. म्हणजे एक रात्र वाढली की पलंगाचं भाडं धरायच्या आधीच तीन हजार वाढतात. तरीही तीन रात्रींत भूतान उरकू नये असं माझं ठाम मत आहे. जाण्यायेण्यातच दोन दिवस जातात आणि बघायला हातात दोनच उरतात.

मुंबईहून पारोला थेट विमान नाही. पारोची विमानं दिल्ली, कोलकाता, बागडोगरा, गुवाहाटी इथून मिळतात. दुसरा मार्ग रस्त्याचा: विमानाने बागडोगरा, तिथून गाडीने चारेक तासांत सीमेवरचं जयगाव. रेल्वेने जायचं तर सियालदहहून रात्री सुटणारी कांचनकन्या एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी हासीमाराला सोडते आणि तिथून जयगाव अठराएक किलोमीटर. मी जाताना रस्ता आणि येताना विमान असं ठरवलं. यामागे दोन कारणं होती. रस्त्याने उंची हळूहळू वाढते, शरीराला सवय होते. आणि परवान्याचं काही अडलंच तर ते सीमेवर, भारताच्या बाजूला असतानाच कळतं.

आता कागदपत्रं, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. भारतीयांना भूतानचा व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी दोनच ओळखपत्रं चालतात: किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधार चालत नाही, पॅन चालत नाही, वाहन परवानाही चालत नाही. आपल्याकडे एक खास घोळ होतो. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव, मतदार ओळखपत्रावर सासरचं, आणि विमानाचं तिकीट काढणाऱ्याने तिसऱ्याच क्रमाने नाव टाकलेलं. यातलं एकच ओळखपत्र निवडा आणि परवान्याचा अर्ज, विमानाचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग सगळं त्याच नावाने, त्याच स्पेलिंगने करा. मधलं नाव ओळखपत्रावर असेल तर तेही सोडू नका.

मुलांसाठी पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला लागतो. आमच्याकडचा दाखला जुन्या नमुन्यातला, नुसत्या मराठीत होता. सीमेवरच्या खिडकीत बसलेल्या माणसाला तो वाचता येणार नाही हे लक्षात आल्यावर इंग्रजी मजकूर असलेली नवी प्रत काढून घेतली. हे काम तिकीट काढायच्या आधी करा. मूल आजी-आजोबांबरोबर किंवा एकाच पालकाबरोबर येत असेल तर संमतीपत्रही जवळ असू द्या.

अर्ज भूतानच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर करता येतो. ओळखपत्राची स्वच्छ प्रत, पासपोर्ट आकाराचा फोटो, हॉटेलचं पक्कं बुकिंग आणि रात्रीनिहाय कार्यक्रम एवढं लागतं. शुल्कही तिथेच भरता येतं. सीमेपलीकडच्या फुन्त्शोलिंगला पोचल्यावर खिडकीवरही परवाना निघतो, पण मूल सोबत असताना रांगेत अर्धा दिवस घालवण्यात अर्थ नाही, म्हणून मी आधीच अर्ज केला. थिंफू आणि पारोच्या पलीकडे जायचं तर परवानाधारक गाईड बरोबर लागतो. पुनाखा करायचं होतं, त्यामुळे गाईड आणि गाडी एकत्रच ठरवली. स्वतःची गाडी नेता येते, पण भारतीय गाडीला दिवसाला साडेचार हजार रुपये पडतात. तिथली टॅक्सीच परवडते, शिवाय घाटात चालकाचा हात बसलेला असतो.

पहिली रात्र मुद्दाम जयगावला काढली. जयगाव भारतात, फुन्त्शोलिंग भूतानात, मध्ये फक्त कमान आणि भिंत. इकडे राहिलं की त्या रात्रीचं एसडीएफ नाही आणि सकाळी लवकर रांगेत उभं राहता येतं. भूतानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे. जयगावच्या हॉटेलात मोबाईल भारतीय वेळ दाखवतो आणि पलीकडचं कार्यालय भूतानच्या वेळेने चालतं, म्हणून गजर लावताना हा अर्धा तास धरा. पायी जाणाऱ्यांसाठी वेगळं टर्मिनल आहे. कागद तपासून झाले की परवाना हातात येतो. खिडकी सोडायच्या आधी प्रत्येकाचं नाव, ओळखपत्राचा क्रमांक, येण्या-जाण्याची तारीख आणि बाहेर पडायचं ठिकाण वाचून घ्या. आमचा प्रवेश फुन्त्शोलिंगहून आणि निर्गमन पारोहून होतं, ते परवान्यावर तसंच आहे की नाही ते पाहणं गरजेचं होतं. नंतर परवान्याच्या प्रत्येकी चार छापील प्रती काढल्या. नाक्यावर, हॉटेलात, गाईडकडे, सगळीकडे कागद मागतात.

फुन्त्शोलिंग समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर आणि थिंफू सुमारे २,३०० मीटरवर. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण पाच तास धरा. शहराबाहेर रिनचेंडिंगच्या नाक्यावर परवाना दाखवावा लागतो. मग गेदूपर्यंत वळणावर वळणं आणि बऱ्याचदा दाट धुकं. मुलांना गाडी लागत असेल तर डॉक्टरांना विचारून ठेवलेली गोळी निघायच्या अर्धा तास आधी द्या. घाटात उलटी झाल्यावर दिलेल्या गोळीचा उपयोग नसतो. जून ते सप्टेंबर या रस्त्यावर दरडी कोसळतात, त्यामुळे पाच रात्रींची सहल त्या काळात मी आखणार नाही. मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. फक्त त्या काळात पारो आणि थिंफूचे त्शेचू हे मोठे उत्सव येतात, पारोचा वसंतात, थिंफूचा शरदात. उत्सव बघायचा असेल तर हॉटेल कित्येक महिने आधी धरावं लागतं.

चुझोमला दोन नद्या मिळतात. तिथे संगमावर तीन स्तूप शेजारी शेजारी उभे आहेत, एक नेपाळी, एक तिबेटी आणि एक भूतानी धाटणीचा. पाच मिनिटं थांबून तिघांचे आकार नीट बघा. पुढे कुठेही स्तूप दिसला की तो कोणत्या घडणीचा हे ओळखता येतं.

थिंफूला दोन रात्री. टेकडीवरची बुद्ध दोर्देन्मा ही ५१.५ मीटर उंच मूर्ती सकाळी बघावी. ताशिछो झोंग (झोंग म्हणजे किल्लेवजा मठ) हे सरकारी कचेऱ्यांचं आणि भिक्खूसंघाचं ठिकाण आहे, म्हणून कामाच्या दिवशी पर्यटकांना कचेरी सुटल्यावर, संध्याकाळीच सोडतात. दुपारी जाऊन दारातून परत येणारे खूप. शनिवार-रविवारी वेळ वेगळी असते, म्हणून तुमचा थिंफूचा दिवस कोणत्या वारी पडतो ते आखणीतच बघा. झोंगमध्ये आणि मंदिरांत पूर्ण बाह्यांचे कपडे लागतात, डोक्यावर टोपी चालत नाही, गाभाऱ्यात फोटो काढायचा नाही. स्तूपाला आणि मणिचक्रांना, म्हणजे मंत्र कोरलेल्या फिरत्या चक्रांना, उजवी घालूनच फिरायचं. आपल्याकडच्या प्रदक्षिणेसारखंच, त्यामुळे ते सांगावं लागत नाही.

महाराष्ट्रातून बरेच जण धम्मयात्रा म्हणून भूतानला जातात. त्यांना एक गोष्ट आधी सांगावीशी वाटते. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या दीक्षेतून आलेली आपली वंदना पालीत, विहार साधं, मूर्ती शांत. भूतान वज्रयानी, म्हणजे तांत्रिक बौद्ध परंपरेचा आहे. तिथे गुरू रिनपोछे म्हणजे पद्मसंभव जागोजागी आहेत, उग्र देवता आहेत, तुपाचे दिवे आहेत. पहिल्या मंदिरात हे परकं वाटू शकतं. मी जाण्याआधी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी मुलीला पुन्हा दाखवला होता. पद्मपाणी म्हणजे बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, तोच तिकडे चेनरेझिग नावाने, कधी चार हातांचा, कधी अकरा मस्तकांचा भेटतो. एवढा एक धागा हातात असला की बाकीची चित्रं वाचायला घेता येतात.

तिसऱ्या दिवशी पुनाखा. वाटेत दोचुला खिंड, ३,१०० मीटर, १०८ छोटे स्तूप. ढग जमायच्या आत, सकाळी लवकर पोचलं तर हिमशिखरं दिसण्याची शक्यता जास्त, म्हणून नाश्ता बांधून घ्या. मग उतार सुरू होतो आणि पुनाखा थिंफूपेक्षा सुमारे हजार मीटर खाली, उबदार. म्हणूनच हिवाळ्यात थिंफूचा मुख्य भिक्खूसंघ पुनाखाला मुक्कामाला येतो. पुनाखा झोंग १६३७-३८ मध्ये भूतान एकत्र करणारे धर्मगुरू झाबद्रुंग नगावांग नामग्याल यांनी फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावर उभारला. लोक तो थिंफूहून एका दिवसात करून परततात. मी तिथे रात्र ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात झोंग पाहून थेट पारोला गेलो. त्यामुळे येण्या-जाण्याचा घाट एकाच दिवसात दोनदा करावा लागला नाही.

ताक्त्संग, म्हणजे टायगर्स नेस्ट हा कड्यावरचा मठ, शेवटी. पहिल्याच दिवशी पारोला उतरून दुसऱ्या दिवशी ताक्त्संग चढणाऱ्यांना धाप लागते, डोकं दुखतं, आणि दोष चढणीला दिला जातो. मठ ३,१२० मीटरवर आहे आणि चढाईचा पायथाच साधारण २,६०० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. चढ पाहिला तर सिंहगडापेक्षा फार नाही, पण हवा विरळ. चार रात्री उंचीवर काढून गेलं की तोच चढ नऊ वर्षांच्या मुलीला झेपतो. वर जायला दोन ते तीन तास धरा. दुपारी एक ते दोन मठ बंद असतो, म्हणून आठच्या आत चालायला लागा. तिकीट खालीच घ्यायचं, वर मिळत नाही. काठी पायथ्याशी भाड्याने मिळते, ती घ्याच, गुडघे उतरताना बोलतात. घोडा मिळतो, पण निम्म्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंतच, आणि उतरायला नाही. गुडघेदुखीवाल्यांनी याचा नीट विचार करावा. कॅफेटेरियातूनही मठ समोर दिसतो आणि तिथे थांबणं हा चांगला पर्याय आहे. शेवटच्या टप्प्यात दरीत पायऱ्या उतरून धबधब्याजवळून पुन्हा चढायचं असतं, दमलेल्या पायांना हाच भाग जड जातो. मठात मोबाईल, कॅमेरा, पिशवी काही नेता येत नाही. फरशी गार असते, खिशात जाड मोजे ठेवा. १६९२ मध्ये बांधलेला हा मठ १९९८ च्या आगीत बराच जळाला आणि पुन्हा जसाच्या तसा उभारला.

जेवणाचं थोडक्यात: एमा दात्शी म्हणजे मिरची आणि चीज, यात मिरची ही भाजी आहे, फोडणीतला मसाला नाही. मुलांसाठी बटाट्याची केवा दात्शी मागवा. शाकाहारी असाल तर सूपमध्ये मांसाचा रस्सा नाही ना, हे प्रत्येक ठिकाणी विचारा.

पैशांत एक रुपया म्हणजे एक न्गुलत्रुम आणि रुपये सर्रास चालतात. पाचशेच्या नोटा सुट्या करून न्या. यूपीआय काही दुकानांत चालतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. सुटे मात्र न्गुलत्रुममध्ये परत मिळतात आणि ते भारतात चालत नाहीत, म्हणून पारोच्या शेवटच्या संध्याकाळी हॉटेलचं बिल त्याच नोटांनी भागवलं.

परतीचं विमान सकाळचं घेतलं. पारोची दरी अरुंद आहे, विमान वैमानिकाच्या नजरेच्या भरवशावर, दिवसाउजेडीच उतरतं आणि दुपारनंतर वारा वाढतो. ढग उतरले तर उड्डाण पुढे ढकललं जातं. म्हणून कोलकात्याहून मुंबईचं तिकीट त्याच दिवसाचं न काढता दुसऱ्या दिवशी दुपारचं काढलं आणि मधली रात्र विमानतळाजवळ धरली.