नोंदी पुसल्या, डिस्क भरतच गेली

मला बोलावलं तेव्हा झॅबिक्सच्या (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या मॉनिटरिंग प्रणालीच्या) डेटाबेस सर्व्हरची ५०० जीबीची डिस्क ९४ टक्के भरली होती. मी लॉगिन करून बघतोय तोवर ९६. आणि गंमत नव्हे, पण त्या वेळी सहकारी जुना डेटा पुसतच होता, पन्नास-पन्नास हजार नोंदींच्या तुकड्यांनी.

"सर, मी डिलीट करतोय आणि जागा कमी होतेय," तो म्हणाला. चेहरा पार उतरला होता. त्याला झापायला दोघं तिघं टपून होते, पण ही वर्तणूक इनोडीबीची, म्हणजे मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये डेटा साठवणाऱ्या यंत्रणेची आहे, त्याची नाही. इनोडीबीत नोंद पुसली की ती जागा त्याच फाइलमध्ये मोकळी राहते, नवीन नोंदींसाठी. वहीतला मजकूर खोडरबरने पुसला म्हणून वही पातळ होत नाही, तसंच. ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती काहीच परत येत नाही. वर मायएसक्यूएल ८ मध्ये बायनरी लॉग, म्हणजे डेटातल्या बदलांची नोंदवही, आपोआप चालू असतो आणि पुसलेली प्रत्येक नोंद त्यात लिहिली जाते. हे लॉग ठरवून दिलं नसेल तर ३० दिवस राहतात. म्हणजे आम्ही जितकं पुसत होतो, तितकी डिस्क भरत होती.

डिलीट थांबवलं. हे लॉग वाचून चालणारी डेटाबेसची दुसरी प्रत, म्हणजे रेप्लिका, नव्हती, म्हणून जुने बायनरी लॉग काढून टाकले आणि श्वास घ्यायला जागा झाली.

मूळ दुखणं 'हिस्ट्री_यूइंट' या टेबलात होतं. फाइल ३७८ जीबी. स्विचच्या पोर्टांचे ८,००० आयटम (म्हणजे मोजायच्या गोष्टी), दर मिनिटाला एक आकडा, म्हणजे सेकंदाला सुमारे १३३ नोंदी. एका नोंदीला साधारण ९० बाइट धरले तर वर्षाचा हिशोब तिथेच जातो. कुणीतरी कधीकाळी कच्चा डेटा ३६५ दिवस ठेवायचं ठरवलं होतं, 'असू दे, लागेल' म्हणून. वास्तविक झॅबिक्सच्या ट्रेंड्स या वेगळ्या टेबलांमध्ये दर तासाचं किमान, कमाल आणि सरासरी वेगळं साठतंच. डिस्क ८० टक्क्यांवर गेल्याचा इशाराही येऊन गेला होता. कुणीतरी 'बघितलं' अशी खूण करून तो मिटवला होता. याचा मला खरोखर राग आहे.

"ऑप्टिमाइझ टेबल चालवा ना," असा वरून निरोप आला. ती आज्ञा टेबलाची नवी प्रत बांधते. जवळजवळ तेवढीच मोकळी जागा लागते, आणि तीच तर नव्हती.

म्हणून त्याच रचनेचं रिकामं टेबल बनवलं आणि रीनेमच्या एकाच आज्ञेत दोघांची नावं बदलली. नवीन आकडे नव्या टेबलात पडू लागले, मॉनिटरिंग थांबलं नाही. मग शेवटचे ७ दिवस जुन्यातून आणायचे होते, सव्वासात जीबीच्या आसपास. इथे लोक फसतात: इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची सूची, आधी आयटम आयडी आणि मग वेळ अशा क्रमाने आहे. नुसत्या वेळेवर डेटा मागितला तर सर्व्हर अख्खे ३७८ जीबी चाळत बसतो. मी एकेक आयटम घेऊन त्याचे ७ दिवस उचलणारी स्क्रिप्ट लावली, त्या सत्रापुरता बायनरी लॉग बंद ठेवून. ती सुरळीत चालली, याचं मला समाधान आहे.

जुनं टेबल ड्रॉप करण्याआधी, म्हणजे फाइलसकट काढून टाकण्याआधी, नेटवर्क विभागातल्या बाईंना फोन केला. "थांबा हो," त्या म्हणाल्या, "दोन महिन्यांपूर्वी ती लिंक सारखी पडत होती, सेवा देणाऱ्यांशी अजून वाद चालू आहे. मिनिटामिनिटाचा डेटा हवाय." ट्रेंड्समध्ये तो तास सरासरीत विरघळला असता. त्या लिंकचे आयटम वेगळ्या फाइलमध्ये काढून त्यांना दिले आणि मगच ड्रॉप. डिस्क २० टक्क्यांवर आली.

ज्यांचे फोन लागले नाहीत, त्यांच्यापैकी कुणाला त्यातलं काय हवं होतं, हे मला माहीत नाही. ते आता परत येणार नाही. तेच मनातून जात नाही.

आता टेबलाचे रोजचे पार्टिशन, म्हणजे दर दिवसाचा वेगळा भाग, असे केलेत. जुना दिवस ड्रॉप केला की त्याची फाइलच जाते आणि जागा लगेच सुटते. वादाचा मुद्दा एवढाच उरलाय की कच्चा डेटा ७ दिवस ठेवायचा की ३०. ३० दिवसांना सुमारे ३१ जीबी लागतात आणि मी त्यावर अडून बसलोय. बैठक अजून व्हायची आहे.