रात्रीचे निर्णय दिवसाच घ्यायचे

"आता निदान झालंय ना, मग अजून घाबरतेस कशाला?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की एकदाच काय ते लिहून टाकावं म्हटलं. विचारणारे मायेनेच विचारतात, त्यांच्यावर राग नाही. पण आजाराला नाव मिळालं म्हणून रात्री तीन वाजता छातीत होणारी धडधड कमी होत नाही.

मला पॉट्स आहे. पूर्ण नाव पॉश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम. हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचं आकुंचन, घाम, पचन ही सगळी कामं आपल्याला न विचारता स्वायत्त चेतासंस्था बघत असते. कोणीही उभं राहिलं की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. चेतासंस्था लगेच तिथल्या रक्तवाहिन्या आवळते, रक्त पुन्हा वर चढतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. माझ्यात हे आवळणं नीट होत नाही. मग वर कमी पडलेल्या रक्ताची भरपाई करायला हृदय पळत सुटतं. उभं राहिल्यापासून १० मिनिटांच्या आत ठोके मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त वाढले (१२ ते १९ वयाच्या मुलामुलींत ४०), बीपी मात्र फारसं पडलं नाही, त्रास निदान तीन महिने चालू आहे आणि दुसरं काही कारण सापडत नाही, असं असेल तर डॉक्टर हे निदान करतात.

त्याआधी माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल होते. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, थायरॉईड, हिमोग्लोबिन, सगळं कसं व्यवस्थित. "टेन्शन कमी घ्या" हे वाक्य मी वेगवेगळ्या आवाजांत ऐकलं. आता मागे वळून पाहताना एक गोष्ट लक्षात येते: ईसीजी आणि इको दोन्ही आडवं झोपवून काढतात. मला झोपवून तपासत होते आणि माझं दुखणं उभं राहिल्यावर सुरू होत होतं! शेवटी एका डॉक्टरांनी आधी शांत पडून राहायला सांगितलं, मग भिंतीला टेकून उभं केलं. बोलायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. दर मिनिटाला ठोके आणि बीपी लिहून घेत होत्या त्या सिस्टर. पडल्यापडल्या ७४ असलेले ठोके वाढतच गेले आणि १२५ च्या वर गेले. बीपी जवळजवळ होतं तिथेच. मग डॉक्टर खाली वाकले आणि म्हणाले, "जरा पायांकडे बघा." पाय घोट्यापर्यंत जांभळट झाले होते, बोटं तर वांग्याच्या रंगाची. इतके महिने मी छातीवर हात ठेवून बसले होते, पायांकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

तसा हा आजार काही आजचा नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांमध्ये धडधड, धाप, थकवा अशी लक्षणं दिसत होती आणि तपासून हृदयात दोष मात्र सापडत नव्हता. डॉ. डा कोस्टा यांनी १८७१ मध्ये त्यावर लिहिलं. त्यातल्या काहींना आजच्या भाषेत पॉट्सच असावा असं बरेच जण मानतात. आजचं नाव रूढ झालं ते १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या लेखापासून. म्हणजे मधली शंभरहून अधिक वर्षं अशा माणसांनी काय काय ऐकून घेतलं असेल, याची मला चांगलीच कल्पना आहे.

आता भीतीबद्दल. ही भीती फक्त विचारांतून येत नाही, हे समजायला मला वेळ लागला. उभं राहिल्यावर रक्त वर चढवण्यासाठी शरीर नॉरॲड्रेनॅलिन (घाबरल्यावरही सुटणारं एक रसायन) सोडतं, आणि पॉट्सच्या काही रुग्णांत ते जरा जास्तच सुटतं. वाघ समोर आला तर शरीरात जे घडेल, तेच माझ्या शरीरात दात घासताना घडतं. हात थरथरतात, तळवे घामेजतात, पोटात खड्डा पडतो. मेंदूला हे सगळे निरोप पोचतात आणि तो वाघ शोधायला लागतो. वाघ सापडत नाही, मग तो म्हणतो, हार्ट अटॅकच असणार. भीती आधी येते आणि तिचं कारण आपण मागाहून जुळवतो. "मनाला समजाव" या सल्ल्याचा मला फारसा उपयोग झाला नाही, तो यामुळेच. मनाला समजावेपर्यंत शरीर पुढे निघून गेलेलं असतं.

कारण समजल्यावर काही लक्षणांची धार खरंच बोथट झाली. आंघोळ हे त्यातलं सगळ्यात ठळक उदाहरण. गरम पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, आधीच खाली उतरलेलं रक्त आणखी पसरतं, त्यात केस धुवायला दोन्ही हात डोक्याच्या वर. फेस लागलेल्या केसांसह डोळ्यांपुढे अंधारी आली, कानांत आवाज घुमायला लागला, की पूर्वी मला वाटायचं, इथेच मी पडणार. आता आत स्टूल असतं, पाणी कोमट असतं आणि केस बसूनच धुतले जातात. अंधारी अधूनमधून येते, पण ती कुठून येते ते ठाऊक आहे. जेवणानंतरच्या धडधडीचंही तसंच. पचनासाठी रक्त पोटाकडे वळतं, म्हणून एकदम भरपेट जेवणं बंद. तोंडाभोवती आणि बोटांना येणाऱ्या मुंग्यांचं कारण तर मला कधीच सुचलं नसतं: उभं असताना माझा श्वास नकळत जलद होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो आणि मुंग्या सुरू होतात. आडवं होऊन श्वास सावकाश सोडत राहिले की त्या ओसरतात.

पण रोज काहीतरी नवीन निघतं, हा या आजाराचा खरा जाच. ओळखीच्या त्रासाशी जमवून घेता येतं, नवा त्रास मात्र दरवेळी पहिल्यापासून घाबरवतो. हा पॉट्सच की दुसरं काही? या प्रश्नाचं उत्तर रात्री, थरथरत्या हातांनी, मोबाईलवर शोधून मिळत नाही. मिळतात ती दहा भयंकर रोगांची नावं.

म्हणून मी डॉक्टरांकडे एक वेगळीच मागणी केली. म्हटलं, कधी घाबरायचं ते मला आत्ताच, दिवसाउजेडी सांगून ठेवा. त्यांनी आढेवेढे न घेता कागद घेतला. छातीत दाबल्यासारखं दुखून कळ हातात किंवा जबड्यात गेली, चेहरा किंवा शरीराची एक बाजू बधिर वा लुळी पडली, बोलताना जीभ अडखळली, चालता-धावताना किंवा पडल्यापडल्या शुद्ध हरपली, पडून डोक्याला मार लागला, स्वस्थ पडूनही धाप जाईना किंवा ठोके खाली येईनात, तर विचार न करता तातडीच्या विभागात जायचं. बाकी कशासाठीही आधी आडवं व्हायचं, पाय उंच करायचे, पाणी प्यायचं आणि अर्धा तास थांबायचं. हा कागद माझ्या आजाराचा आणि माझ्या तपासण्या बघून लिहिलेला आहे. कुणी तो जसाच्या तसा उचलू नये, आपल्या डॉक्टरांकडून स्वतःचा लिहून घ्यावा.

एकदा त्या कागदातली गोष्ट खरंच घडली. डावा गाल आणि ओठाची तेवढीच बाजू बधिर झाली. कागदावर लिहिलेलं होतं म्हणून गेलो. स्कॅन झाला, रक्त तपासलं, काही निघालं नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी फाईल चाळली आणि "ॲन्झायटी दिसतेय" म्हणाले. येताना रिक्षात मला रडू आलं, पण त्या शेऱ्यामुळे. तिथे गेल्याबद्दल नाही. ती फेरी फुकट गेली असं मी आजही मानत नाही, आणि पुन्हा तसं झालं तर पुन्हा जाईन.

घरातल्या माणसांनाही काहीतरी हातात द्यावं लागतं. माझा नवरा पूर्वी घाबरून विचारायचा, "अगं, काय होतंय तुला?" त्या क्षणी मला शब्द सापडत नसत आणि मी गप्प बसले की तो आणखी घाबरायचा. आता आमचे प्रश्न ठरलेले आहेत. आडवी झालीस का? आधी कधी असं झालंय का? कागदात आहे का? तिन्हींची उत्तरं मान हलवून देता येतात. आई फोनवरून "देवाचं नाव घे गं" म्हणते. मीही घेते, त्याने श्वास सावकाश होतो हे नक्की.

मनगटावरच्या घड्याळाबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. बरेच रुग्ण ठोके सतत मोजतात. निदानाच्या वेळी त्या आकड्यांचा मलाही फायदा झाला. पण नंतर मी बरी असतानाही घड्याळाकडे बघायचे, आकडा जास्त दिसला की दचकायचे आणि दचकल्यामुळे तो आणखी वाढायचा. सूचना मी बंद करून टाकल्या. मोजायचं ते डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, वहीत.

उपचारांत चमत्कार नाही. दिवसाला दोन-तीन लिटर पाणी, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं जादा मीठ (बीपी किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी हे मनाने मुळीच करू नये), कंबरेपर्यंत येणारे घट्ट मोजे, ठोके आवरणारी प्रोप्रानोलोलची कमी डोसची गोळी आणि बसून किंवा आडवं राहून करायचा व्यायाम. ते मोजे सकाळी चढवणं हाच अर्धा व्यायाम आहे, नंतर पाच मिनिटं पडून राहावं लागतं. मोजे घट्ट आहेत म्हणून मी चिडते, मग एखाद्या दिवशी न घालता बाहेर पडते आणि संध्याकाळी गुपचूप शोधून काढते.

एक लक्षण अजून कशातच बसत नाही. पहाटे जाग येते तेव्हा अंगात आतून थरथर जाणवते, फोन सायलेंटवर वाजावा तशी. हात समोर धरला तर स्थिर असतो. नवऱ्याने पाठीवर हात ठेवून पाहिला, त्याला काहीच लागलं नाही. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी खांदे उडवले नाहीत की टेन्शनवरही ढकललं नाही. इतर रुग्णही हे सांगतात म्हणाले, कारण मला सांगता येणार नाही, पण नसांची तपासणी ठीक आहे, तेव्हा किती वेळ टिकते आणि आदल्या दिवशी काय झालं होतं ते लिहीत जा. लिहितेय. आतापर्यंतच्या नोंदींत उन्हात फिरले त्याच्या दुसऱ्या दिवशी आणि पाळीच्या आधी ती जास्त दिसते. पुढच्या भेटीत ती वही दाखवायची आहे, आणि संध्याकाळची गोळी थोडी उशिरा घेतली तर पहाट बरी जाईल का, हेही विचारायचं आहे.