दोन मिनिटांचं काम
परवा जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, मॅकवर बसेना. फोनवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, रिकव्हरीत जाऊन सीएसआरयूटिल डिसेबल टाइप करा, दोन मिनिटांचं काम." मी साफ नाही म्हटलं.

रिकव्हरी म्हणजे दुरुस्तीसाठी मॅक वेगळा सुरू करायचा मोड. तिथे ही आज्ञा दिली की सिस्टिम इंटिग्रिटी प्रोटेक्शन, म्हणजे सिस्टिमच्या मूळ फायलींचं संरक्षण, बंद होतं. २०१५ च्या एल कॅपिटन या सिस्टिमच्या आवृत्तीपासून ते मॅकमध्ये आहे. त्याआधी ॲडमिनचा पासवर्ड मिळाला की कुठलाही इन्स्टॉलर सिस्टिमच्या फायलींत हवी ती ढवळाढवळ करू शकायचा, आणि पासवर्ड तर आपण विचारला की टाकून मोकळे होतो! आता खुद्द रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यालाही, तिथे हात लावता येत नाही. २०२० च्या बिग सर आवृत्तीपासून सिस्टिमचा अख्खा व्हॉल्यूमच, म्हणजे डिस्कवरचा तिचा भागच, सीलबंद असतो. आतली एक फाइल बदलली तरी सील जुळत नाही.

तीन वर्षांपूर्वी अशाच एकाच्या सांगण्यावरून मी हे संरक्षण बंद केलं होतं. परत चालू करायचं राहूनच गेलं. आठ महिने! सगळ्या क्लायंटांची कामं त्याच मशीनवर होती. तेव्हापासून महिन्यातून एकदा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या ॲपमध्ये, सीएसआरयूटिल स्टेटस टाकून बघते. 'एनेबल्ड' दिसलं की जिवात जीव येतो.

प्रिंटर शेवटी मॅकमधल्याच जेनेरिक ड्रायव्हरवर चालला. दुसऱ्या ट्रेचा पर्याय तेवढा दिसत नाही. कागद हाताने बदलते.