जर्मनीतली कातरवेळ चार वाजता येते

डिसेंबरात बर्लिनमध्ये सूर्य चारच्या आतच मावळतो, म्युनिकमध्ये साडेचारच्या आत. त्या वेळी महाराष्ट्रात रात्रीचे साडेआठ झालेले असतात आणि घरी पानं घेतली जात असतात. हिवाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेचार तासांचं अंतर असतं, आणि शिकायला किंवा नोकरीला तिकडे गेलेल्यांना पहिल्या वर्षी घराची ओढ ज्या वेळी सगळ्यात जास्त छळते, ती वेळ या अंतरातूनच तयार होते. लॅब किंवा ऑफिस आटोपून तुम्ही सहाला खोलीवर येता तेव्हा घरी साडेदहा वाजलेले असतात. आईबाबा झोपायच्या तयारीत असतात. तिथून तुमच्या रात्रीच्या दीडपर्यंत तुमचं घर अक्षरशः झोपलेलं असतं. बाहेर अंधार, खोलीत हीटरची ऊब, हातात फोन आणि फोनच्या पलीकडे कुणीच जागं नाही. सोय करायची आहे ती या सात-साडेसात तासांची.

आधी फोनचं बघू. बहुतेक जण रात्री बोलतात, कारण मोकळा वेळ तेव्हा मिळतो. पण तेव्हा घरची माणसं पेंगुळलेली असतात आणि तुम्ही थकलेले. बोलणं "जेवलास का"च्या पुढे जात नाही आणि फोन ठेवल्यावर खोली जास्तच रिकामी वाटते. त्यापेक्षा दुपारी दीडला, जेवणाच्या सुट्टीत करा. घरी तेव्हा सहा वाजलेले असतात, दिवेलागण होत असते, घर जागं असतं, शेजारच्या काकूही येऊन दोन शब्द बोलून जातात. 15-20 मिनिटं पुरे. फोन ठेवल्यावर तुम्हाला लगेच वर्गात किंवा कामावर जायचं असतं, आणि हीच या वेळेची खरी किंमत आहे. लांबलचक गप्पा शनिवारी सकाळी दहाला मारा. घरी तेव्हा अडीच वाजलेले असतात, जेवणं झालेली असतात, कुणाला घाई नसते.

सणांचं गणित वेगळं आहे. गणपतीत जर्मनीची उन्हाळी वेळ चालू असते, म्हणजे अंतर साडेतीन तासांचं. घरची रात्री आठची आरती तुमच्याकडे दुपारी साडेचारला येते, ऐन लेक्चरमध्ये. सकाळी दहाची प्रतिष्ठापना मात्र साडेसहाला असते. ती उठून बघता येते, आणि तीच बघा. दिवाळीत ऑक्टोबरचा शेवटचा रविवार उलटून गेला असेल, तर घरची पहाटे पाचची पहिली आंघोळ तुमच्या रात्री साडेबाराला होते. त्यासाठी जागत बसू नका. फोनवर दुसऱ्यांची दिवाळी बघून झोपलेला माणूस सकाळी उदास उठतो. उटणं, तेल आणि पणती सोबत नेली असेल, तर आपल्या घड्याळानं, आपल्या पहाटे सहाला अंघोळ करा. अंधार तर तिथे तेव्हा असतोच, पणती छान दिसते.

संध्याकाळची सोय खोलीबाहेर करावी लागते आणि ती ऑक्टोबरमध्येच करावी लागते. विद्यापीठात असाल तर होखशूलश्पोर्ट, म्हणजे विद्यापीठाचा क्रीडाविभाग पाहा. बॅडमिंटनपासून नृत्यापर्यंतचे वर्ग सत्रभरासाठी अगदी कमी शुल्कात असतात, पण नोंदणी सुरू झाली की लोकप्रिय वर्ग पटापट भरतात. तारीख आधी पाहून ठेवा. नोकरीवर असाल तर फोल्क्सहोखशूले आहे. हे प्रौढांसाठीचं शिक्षणकेंद्र बहुतेक शहरांत असतं आणि तिथले भाषेचे वर्ग संध्याकाळीही भरतात. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी अशा बांधून घ्या, आणि त्या लागोपाठच्या वारांना नकोत. सोमवार-गुरुवार चालतो. मोठ्या शहरांत मराठी मंडळं आहेत. तिथे नुसतं कार्यक्रम बघायला गेलात तर येताना एकटेच परत याल. खुर्च्या लावायला, पोहे करायला जा. माणसं कामात ओळखीची होतात.

आता स्वयंपाक. यावर जरा थांबतो, कारण घराची ओढ पोटातून येते हे परदेशात राहिलेल्या कुणालाही पटेल.

सामानात काय न्यायचं याची गफलत इथूनच होते. भारतातून युरोपीय संघात जाताना दूध आणि मांसाचे पदार्थ वैयक्तिक सामानातूनही नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खवा बाद. ताजा कढीपत्ता आणि आंबेही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. नारळाला मात्र सूट आहे. गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं, हिंग, उटणं यांना जागा द्या. हिंग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत, नाहीतर सगळ्या कपड्यांना वास लागतो.

तूप तिथेच कढवा. जर्मन दुकानात लोण्याची 250 ग्रॅमची वडी मिळते आणि तिच्यावर तीनपैकी एक नाव असतं: झ्यूसरामबुटर, झाउअररामबुटर किंवा मिल्डगेझॉयर्टे बुटर. दुसरं घ्या. ते विरजलेल्या सायीचं असतं, म्हणून त्याच्या तुपाला आपल्या घरच्या लोणकढ्या तुपाच्या जवळ जाणारा वास येतो. पहिल्याचं तूप होतं, पण वास सपाट. वडीवर गेझाल्त्सन लिहिलेलं नको, ते खारट लोणी. जाड बुडाच्या भांड्यात, शेगडीच्या बटणावरच्या नऊ आकड्यांपैकी तीनच्या आचेवर ठेवा. आधी फेस येईल, मग चटचट आवाज. आवाज थांबला, फेस बारीक झाला आणि तळाची बेरी बदामी दिसली की भांडं उचलून बाजूला ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. काचेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते आणि बेरी करपते. एका वडीचं जेमतेम 200 ग्रॅम तूप निघतं. कढताना जो वास खोलीभर पसरतो, त्यासाठी हे रविवारीच करावं. रविवारी दुकानं बंद असतात, रस्ते ओस असतात, आणि आठवण सगळ्यात जास्त येते.

त्या तुपाला भात हवा तो मऊ. पिशवीतला लांब दाण्याचा तांदूळ मोकळा शिजतो, त्याचा गुरगुट्या होत नाही. कोणत्याही सुपरमार्केटात मिल्शराइस नावाचा बुटका तांदूळ मिळतो. पाकिटावर तो दुधात शिजवायला सांगितलेला असतो, तिकडे लक्ष देऊ नका. एक वाटी तांदूळ, साडेतीन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ, झाकण ठेवून मंद आचेवर 25-30 मिनिटं. आंबेमोहोराचा सुगंध त्याला नाही, पण मऊपणा अगदी तसाच. वर तूप आणि मेतकूट. तूरडाळ भारतीय किंवा आशियाई दुकानात मिळते. ती संपली तर लाल मसूरडाळ कुठेही आहे आणि कुकरशिवाय 20 मिनिटांत शिजते. तिचं साधं वरण पचपचीत लागतं. आमसूल, गूळ आणि गोडा मसाला घालून आमटी करा.

भाकरी बिघडते ती बहुतेकदा पिठामुळे. परदेशी दुकानात येईपर्यंत ज्वारीचं पीठ जुनं झालेलं असतं, त्याची विरी गेलेली असते, म्हणून थापताना कडा फाटतात. उकड काढा: एक वाटी पिठाला पाऊण वाटी खळखळ उकळतं पाणी, ढवळून 10 मिनिटं झाकून ठेवा, मग लागेल तसा कोमट पाण्याचा हात लावून मळा. जाळ नसल्यामुळे भाकरी तव्यावरच फुगवावी लागते. पाणी लावलेली बाजू सुकली की उलटा, दुसरी बाजू पूर्ण भाजा, परत उलटून सुती फडक्यानं कडेकडेनं दाबा. तवा सपाट बुडाचाच हवा. शेगडी इंडक्शन असेल तर भांड्याच्या बुडाला चुंबक लावून बघा. चिकटलं नाही तर ते भांडं तापणार नाही, आणि भारतातून आणलेला ॲल्युमिनियमचा कुकर याच परीक्षेत नापास होतो.

फोडणीच्या आधी खिडकी उघडा आणि खोलीचं दार लावा. छतावरचा धुराचा अलार्म मिरचीच्या ठसक्यानं वाजतो, आणि काही वसतिगृहांत तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. तो काढून ठेवायचा विचारही मनात आणू नका.

एका गोष्टीकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, ती म्हणजे भाषेचा शीण. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मनची बी-वन ही मधली पातळी झालेल्या मुलांनाही म्युनिकच्या बेकरीतली बाई काय म्हणाली ते पहिले महिने कळत नाही. दिवसभर शब्द शोधून डोकं शिणतं आणि संध्याकाळी त्या शिणाचं रूप घराच्या आठवणीसारखं दिसतं. अशा दिवशी फोन करण्याआधी अर्धा तास काही न बोलता, न ऐकता पडून राहा. कित्येकदा तेवढ्यानं मन थाऱ्यावर येतं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि भूक बिघडली, आंघोळीलाही उठवेना, वर्ग बुडू लागले, तर हे नुसत्या आठवणीच्या पुढे गेलंय. श्टुडिअरेंडनवेर्क या विद्यार्थी-सेवा संस्थेकडे मानसिक समुपदेशन असतं, अनेक ठिकाणी इंग्रजीतूनही. तिथलं बोलणं गोपनीय राहतं. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिफोनझेलझोर्गे या मदतवाहिनीचा 0800 111 0 111 हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो. तिथे मुख्यतः जर्मन बोलतात. जिवाला धोका वाटला तर थेट 112.

नाताळाचे तीन दिवस मात्र आधीपासून मांडून ठेवा. 24 डिसेंबरला दुपारी दुकानं बंद होतात, 25 आणि 26 ला सुट्टी, जर्मन सोबती आपापल्या घरी गेलेले, वसतिगृहाचे दिवे विझलेले. 23 च्या संध्याकाळपर्यंत दूध, भाज्या, लोणी आणून ठेवा आणि मागे राहिलेल्या कुणाला तरी, मग तो इराणचा असो की ब्राझीलचा, 25 ला जेवायला बोलावून ठेवा. आमंत्रण 15 तारखेच्या आसपासच द्या. आयत्या वेळी विचारायला संकोच वाटतो आणि राहून जातं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात. त्या आठवड्यापासून तुमचा दुपारी दीडचा फोन घरी सहाऐवजी पाचला वाजेल, आणि आई तेव्हा कदाचित भाजी आणायला बाहेर पडलेली असेल. तिला शनिवारीच सांगून ठेवा.