वेअरवुल्फला बांधायचं किती वाजता? डीएम म्हणून माझे तीन वाया गेलेले शनिवार

आधीच सांगतो, खेळातल्या तुमच्या टोळीत वेअरवुल्फ, म्हणजे पौर्णिमेला लांडगा होणारा माणूस, घेऊ नका. घ्यायचाच असेल तर आधी चंद्राचा हिशोब करा आणि मग चावू द्या, मी नेमकं उलटं केलं.

झालं असं की आमचा शनिवारचा डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, डाइस टाकून गोष्ट रचत खेळायचा खेळ) ग्रुप, पाच जण, डीएम म्हणजे गोष्ट चालवणारा मी, आमची गोष्ट फरगॉटन रेल्म्स या काल्पनिक जगात. जंगलातल्या मारामारीत आमच्या रेंजरला (रानात वावरणारं पात्र) वेअरवुल्फ चावला, शाप टाळायला डाइसवर 12 चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह होता, पठ्ठ्याने 4 टाकला, म्हणजे शाप लागला. सगळे खूश, तो सगळ्यात जास्त. शाप उतरवणारा रिमूव्ह कर्स मंत्र मिळायला क्लेरिक (देवाचे मंत्र म्हणणारं पात्र) पाचव्या लेव्हलला पाहिजे, आमची तिसऱ्याला, म्हणजे ठरलं की पौर्णिमेला याला झाडाला बांधून ठेवायचं. 5 गोल्डची साखळीपण घेतली.

मग तो विचारतो, पौर्णिमा कधी आहे?

हे सोपं निघालं. त्या जगाचे महिने 12, प्रत्येक बरोब्बर 30 दिवसांचा, मध्येमध्ये सणाचे 5 दिवस जे कुठल्याच महिन्यात नाहीत, आणि दर चार वर्षांनी एक जास्तीचा. सेलुने म्हणजे तिथला चंद्र, त्याचं चक्र 30 दिवस साडेदहा तासांचं. विचित्र आकडा वाटतो पण 48 ने गुणा, 1461 दिवस येतात, म्हणजे बरोब्बर चार वर्षं. त्यामुळे पौर्णिमा वर्षभर जवळपास त्याच तारखेला येते, फार तर एखादा दिवस मागेपुढे. आपल्यासारखं 354 आणि 365 चं भांडण नाही, अधिक महिना नाही. ज्याने कोणी हे बसवलं त्याला मनापासून नमस्कार.

मग पुढचा प्रश्न आला आणि तिथे माझी वाट लागली. "नियमात लिहिलंय पौर्णिमेचा चंद्र उगवला की रूप बदलतं. उगवतो किती वाजता?"

आता हे कुठेच नाही! मी एका ऑनलाइन कॅलेंडरवर सगळं चढवून ठेवलं होतं, प्रत्येक तारखेखाली चंद्राची सुंदर चकती, हळूहळू भरणारी, पण उदयाची वेळ काही नाही. वर तीन रात्री लागोपाठ चकती पूर्ण गोल दिसते, मग यातली खरी पौर्णिमा कुठली? बनवणाऱ्यांना मेल केला, नऊ दिवसांनी उत्तर आलं की हे फीचर सध्या प्लॅनमध्ये नाही. ओळखीच्या दोन डीएमना विचारलं, दोघेही म्हणाले तुझ्या सोयीने सांग रे, कोण बघतंय.

बघणारा होता ना. आमच्यातला एक जण दर पावसाळ्यानंतर सह्याद्रीत नाइट ट्रेकला जातो. आधीच्या एका सेशनला मी मोठ्या स्टाइलमध्ये म्हणालो होतो, मध्यरात्र झाली आणि डोंगरामागून बीजेची कोर वर आली. तो तेव्हा काही बोलला नाही, आता बोलला. "बीजेची कोर संध्याकाळी पश्चिमेला दिसते आणि तासा-दीड तासात बुडते, मध्यरात्री कुठून आणलीस?" सगळे हसले. तो शनिवार यातच गेला. पुढच्या शनिवारी मी सूत्रं घेऊन बसलो, पृथ्वी किती फिरते, चंद्र किती सरकतो, साइन, कोसाइन, आणि शेवटी पिझ्झा खाऊन सगळे घरी. तिसऱ्या शनिवारी मी डोकं दुखतंय सांगून सेशनच रद्द केलं, खोटं नव्हतं.

सुटका झाली ती संकष्टीला. आई नऊ वाजल्यापासून गॅलरीत उभी, एकीकडे मोदकांचं ताट झाकून ठेवलेलं, भिंतीवरच्या कॅलेंडरात बारीक अक्षरात चंद्रोदयाची वेळ. मी सहज म्हटलं आज एवढा उशीर का, तर म्हणाली अरे पौर्णिमेला दिवे लागायला उगवतो, मग रोज पाऊण तास उशीर, चतुर्थीपर्यंत एवढी वाजणारच. मी तिथेच फोनवर टाइप केलं. तीस वर्षं या घरात दर महिन्याला चंद्राची वाट बघितली जाते आणि मी कोसाइन करत बसलो होतो.

तर घ्या. अमावस्येला चंद्र सूर्याबरोबर उगवतो, सूर्याबरोबर मावळतो. शुद्ध अष्टमीला दुपारी बाराच्या आसपास उगवून मध्यरात्री मावळतो. पौर्णिमेला संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. वद्य अष्टमीला मध्यरात्री उगवतो. मधल्या दिवसांना रोज पाऊण तास जोडत जा, टेबलवर एवढं पुरतं. चकती तीन दिवस गोल दिसली तरी मी मधलीच रात्र धरली, रेंजर तीन मागत होता, दिल्या नाहीत.

हां, एक राहिलं, उजेडाचं. नियमाप्रमाणे चांदणी रात्रसुद्धा बहुतेक वेळा अंधारच धरायची, फार लख्ख पौर्णिमा असेल तरच डिम लाइट, म्हणजे अंधुक उजेड. म्हणून चोरट्या कामाला वद्य अष्टमीनंतरच्या रात्री निवडा, मध्यरात्रीपर्यंत चंद्रच नसतो. आणि जग अजून ठरलं नसेल तर ग्रेहॉकचं घ्या, तिथे दोन चंद्र आहेत पण एकाचं चक्र 28 दिवस, दुसऱ्याचं 91, वर्ष 364 चं, दोन्ही पूर्ण भागतात. क्रिन नावाच्या जगात मात्र तीन चंद्र, 36, 28 आणि 8 दिवसांचे, तिघे परत एका रेषेत यायला 504 दिवस. मला विचाराल तर लांब राहा.

शेवटी चौथ्या शनिवारी ती पौर्णिमा खेळलो. साडेपाचला रेंजरला झाडाला बांधला, साखळीला कुलूप, किल्ली क्लेरिककडे. मी हवामानाचा डाइस टाकला तर पाऊस. सहा वाजले आणि रेंजर म्हणतो, "आभाळ भरलंय, चंद्र दिसतच नाही, मग मी का बदलू?"

पावसाळ्यातल्या संकष्टीला आई काय करते ते मला चांगलं माहीत आहे. "वेळ झाली की चंद्र उगवला," मी म्हटलं, "दिसो न दिसो. टाक डाइस."