गन बंद करून चालू केली की चालते

डॅशबोर्डवर वाय-फायचा सिग्नल देणारे सगळे अ‍ॅक्सेस पॉइंट हिरवे दिसत होते आणि गोदामातले पिकर, म्हणजे ऑर्डरचा माल उचलणारे कामगार, रोज सांगत होते की गन लटकते. हातातल्या स्कॅनरला तिथे सगळे गनच म्हणतात. ती लटकली की सर्व्हरशी जोडलेलं टेलनेटचं सेशन तुटायचं, पुन्हा लॉगिन करावं लागायचं आणि अर्धवट उचललेली ऑर्डर सर्व्हरवर लॉक होऊन बसायची. ती सोडवून घ्यायला सुपरवायझरला शोधत फिरायचं. हा सगळा वेळ पिकरच्या तासाच्या आकड्यातून कापला जात होता. नेटवर्कच्या दोषाची शिक्षा माणसांना मिळत होती, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

नेटवर्क तपासायला मी जायच्या आधी एक उपाय करून झाला होता. सिग्नल कमी पडतोय असं धरून सगळ्या अ‍ॅक्सेस पॉइंटची पॉवर वाढवली होती. तक्रारी कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या. पण बैठकीत त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. ‘हे लोक गन आपटतात’ हे कारण सगळ्यांना सोयीचं होतं.

लॅपटॉप घेऊन सगळ्या गल्ल्या फिरलो. कुठेही अडचण नाही. मग लॅपटॉप ठेवला आणि एका जुन्या, अनुभवी पिकरबाईंच्या मागोमाग त्यांच्या ट्रॉलीबरोबर चालू लागलो. पाण्याच्या बाटल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी त्या थांबल्या आणि त्यांनी गन बंद करून चालू केली.

“असं का करता ताई?”

“इथं आले की करतेच साहेब. नाही केलं तर मध्यावर लटकते. केलं की पूर्ण गल्ली चालते.”

सुपरवायझर म्हणाला, यातच यांचा वेळ जातो. मला मात्र निदान तिथेच मिळालं.

कोणत्या अ‍ॅक्सेस पॉइंटला धरून राहायचं हे शेवटी स्कॅनर ठरवतो. नेटवर्क फार तर सुचवू शकतं. हाताशी असलेला सिग्नल बरा ऐकू येतोय तोवर बरेच स्कॅनर दुसरा शोधायला जातच नाहीत. बंद करून चालू केला की तो नव्याने शोध घेतो आणि जवळचा पकडतो. म्हणजे या गल्लीत शिरताना गन मागच्या, लोडिंग डॉकवरच्या अ‍ॅक्सेस पॉइंटला चिकटून राहत होती.

चिकटली तरी चालायला काय हरकत होती? इथे मी दोन्ही बाजूंनी मोजलं. स्कॅनरला डॉकचा सिग्नल उणे ७४ डीबीएमच्या आसपास मिळत होता. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप; उण्याचा आकडा जितका मोठा, तितका सिग्नल क्षीण. फार चांगला नाही, पण सोडून द्यावा इतका वाईटही नाही. त्याच वेळी डॉकच्या अ‍ॅक्सेस पॉइंटला स्कॅनर उणे ८३ ला ऐकू येत होता. कारण साधं होतं. वाढवल्यानंतर अ‍ॅक्सेस पॉइंट २३ डीबीएमवर, म्हणजे २०० मिलीवॉटवर बोलत होते आणि स्कॅनरची ताकद १४ डीबीएम, जेमतेम २५ मिलीवॉट. आठपट फरक. लांबून कुणी कर्ण्यातून ओरडावं आणि आपण साध्या आवाजात उत्तर द्यावं, तसं हे चाललं होतं. स्क्रीनवर कांड्या दिसत होत्या, कारण त्या फक्त येणारा आवाज मोजतात. जाणारी पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवली जात होती, आणि हवेतली पॅकेट नोंदवणाऱ्या कॅप्चरमध्ये स्कॅनरच्या बाजूच्या रिट्रायच्या रांगाच रांगा दिसत होत्या.

त्यात बाटल्या. पाणी रेडिओलहरी शोषतं, लोखंडी रॅक त्या परतवतात. सिग्नल कुठे कसा पोचतो हे बघणारा मूळ सर्व्हे रॅक रिकामे असताना झाला होता. अ‍ॅक्सेस पॉइंट उंच छताला, सगळीकडे पसरणाऱ्या अँटेनासह. अशा अँटेनाचा जोर आडवा जास्त आणि थेट खाली कमी असतो. त्यामुळे रॅकच्या माथ्यावरून ते एकमेकांना खणखणीत ऐकत होते, एकाच चॅनलवर एकमेकांसाठी थांबत होते, आणि खाली गल्लीत उभ्या माणसाच्या वाट्याला उरलंसुरलं येत होतं.

पॉवर स्कॅनरच्या बरोबरीला आणायला सांगितली तेव्हा बरीच खळखळ झाली. सिग्नल कमी करून तक्रार कशी जाईल, हा प्रश्न मी त्यांच्या जागी असतो तर मलाही पडला असता. शेवटी एका बाजूच्या गल्ल्यांत करून बघू असं ठरलं. पॉवर १४ वर आणली. पाच गिगाहर्ट्झवर ८० ऐवजी २० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनल दिले, म्हणजे शेजाऱ्यांना वेगवेगळे वाटता येतात. २.४ गिगाहर्ट्झवरचे १ आणि २ एमबीपीएससारखे जुने मंद वेग बंद केले. पिकरताईंना म्हटलं, आज गन बंद करू नका, तशाच चाला.

त्या गेल्या आणि टोकाला पोचून परत आल्या. सेशन टिकलं. लॉगमध्ये गन वाटेत दोनदा अ‍ॅक्सेस पॉइंट बदलताना दिसली, आणि त्यांना ते कळलंही नाही.

बाटल्यांच्या गल्लीचा मधला भाग अजून कच्चा होता. तिथे गल्लीच्या लांबीत रोख धरणारा अँटेना लावावा लागला, फोर्कलिफ्टच्या मास्टपासून, म्हणजे तिच्या उंच उभ्या खांबापासून, सांभाळून. पुढचा सर्व्हे रॅक भरलेले असताना आणि हातात लॅपटॉप नव्हे, स्कॅनर घेऊन करायचा, हे लेखी घेतलं. अहवालाच्या पहिल्याच परिच्छेदात मी मागणी केली की बिघाडाच्या काळातले पिकिंगचे आकडे कुणाच्याही मूल्यांकनात धरू नयेत. तांत्रिक भाग त्याच्या खाली लिहिला.