शेजाऱ्यांच्या बंदुकीसाठी माझी सही

दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, शेजारचे शेतकरी दारातच उभे राहून म्हणाले, "शॉटगनच्या परवान्याचं नूतनीकरण आहे. रेफरी म्हणून तुझं नाव देऊ का?" इंग्लंडच्या हिअरफर्डशायरमधलं आमचं खेडं म्हणजे सफरचंदाच्या बागा, मेंढ्या आणि थंडीत रेपसीडच्या, म्हणजे मोहरीच्या जातीच्या तेलबियांच्या, कोवळ्या पिकावर उतरणारे रानपारव्यांचे थवे. पारवे पीक खाऊन टाकतात, म्हणून शॉटगन, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक. सात वर्षांचा शेजार आहे आमचा. मी लगेच हो म्हटलं.

रेफरी म्हणजे अर्जदाराबद्दल पोलिसांना खरं सांगणारा माणूस. त्याची अर्जदाराशी किमान दोन वर्षांची ओळख हवी. तो नात्यातला, पोलिसांतला किंवा बंदुकी विकणारा असून चालत नाही.

मी सिंधुदुर्गातली. आमच्या माजघरात आजोबांची ठासणीची बंदूक खुंटीला टांगलेली असायची. शेतीसंरक्षणाचा परवाना होता, रानडुकरांसाठी. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची. विधानसभेची निवडणूक नेमकी भात पिकायच्या वेळेला आली की आजोबा रात्रभर मळ्यात पत्र्याचा डबा बडवत बसायचे. बंदूक म्हणजे घरातलं एक अवजार, कोयता-कुदळीसारखं. पोरंसोरं खालून ये-जा करायची, तिला हात लावायची नाहीत, एवढीच काय ती खबरदारी.

इथे शेजाऱ्यांची बंदूक जिन्याखालच्या पोलादी कपाटात असते. कपाट बोल्टनी भिंतीला आवळलेलं, त्याला दोन कुलपं. किल्ली फक्त परवानाधारकाकडे. त्यांच्या पत्नी मला एकदा म्हणाल्या होत्या, "चाळीस वर्षं संसार केला, पण ती किल्ली कुठे असते ते मला माहीत नाही." कायद्याला हेच अपेक्षित आहे. ज्याच्या नावावर परवाना नाही, त्याचा बंदुकीपर्यंत हात पोहोचता कामा नये, मग ती घरची बायको का असेना.

मूळ कायदा १९६८ चा. रायफलसाठी प्रत्येक बंदुकीमागे योग्य कारण दाखवावं लागतं, आणि 'स्वसंरक्षण' हे कारण धरलं जात नाही. शॉटगनचे नियम त्यामानाने सैल आहेत. सार्वजनिक सुरक्षेला धोका दिसला नाही, तर पोलिसांनी परवाना द्यायचा. परवाना पाच वर्षांचा. १९९६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत सोळा मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या गेल्या. पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी आली. शॉटगन राहिली, कारण शेतकऱ्याला ती लागते.

ऑगस्ट २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथ शहरात जे घडलं ते मला जास्त अस्वस्थ करतं. मारहाणीच्या प्रकरणानंतर एका तरुणाची शॉटगन आणि परवाना काढून घेतला होता. पोलिसांनी दोन्ही परत दिलं. काही आठवड्यांतच त्याने पाच जणांना ठार केलं. त्यांत तीन वर्षांची एक मुलगी होती. कायदा होता, कागद होते. माणसाकडे मात्र कुणी नीट पाहिलं नाही. त्याच वर्षापासून अर्जासोबत डॉक्टरांकडून आरोग्याची माहिती येणं सक्तीचं झालं.

महिन्याभराने परवाना विभागातल्या बाईंचा फोन आला. आधी नेहमीचे प्रश्न झाले. मग त्यांनी विचारलं, "अलीकडे त्यांच्यात काही बदल जाणवलाय?"

मी गप्प झाले. त्यांच्या पत्नी जूनमध्ये गेल्या होत्या. तेव्हापासून त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा पहाटे तीनलाही चालू दिसायचा. बोलणं कमी झालं होतं. एकदा म्हणाले होते, "आता कुणासाठी उठायचं?" आपल्याकडे असं कुणी म्हटलं तर आपण ताटभर जेवण घेऊन जातो, पोलिसांना सांगत नाही. मीही पिठलं-भात घेऊन गेले होते. पण जे पाहिलं, जे ऐकलं, ते सगळं त्या दिवशी फोनवर सांगितलं. फोन ठेवल्यावर हात थरथरत होते. ज्यांनी विश्वासाने नाव दिलं, त्यांच्याच पाठीमागे बोलल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी मी स्वतःच त्यांच्याकडे गेले आणि काय सांगितलं ते शब्दन् शब्द सांगून टाकलं. ते बराच वेळ टेबलावरच्या कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खरं बोलशील म्हणूनच तुझं नाव दिलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बंदूक गाडीत घातली आणि गावातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवायला दिली. मग डॉक्टरांकडे वेळ घेतली. त्या हिवाळ्यात पारव्यांसाठी शेतात गॅसची तोफ लावली होती, ठरावीक वेळाने धाडकन वाजायची. तरी निम्मं पीक गेलं.

मार्चमध्ये परवाना आला. बंदूक मात्र त्यांनी मेपर्यंत आणली नाही. रविवारी माझ्याकडे जेवायला यायचे, डाळीत जास्तीचं लिंबू पिळून घ्यायचे आणि पत्नीबद्दल बोलायचे.